ओहोटीला खडकांवर पहिल्यांदा जाताना

खडकांमधल्या डबक्यांतले समुद्री जीव बघायला जायचा दिवस ठरवण्याआधी तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खूप खोलवर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फारसं हटत नाही आणि फेरी फुकट जाते. कोकणातला जुना हिशेब मुंबईलाही चालतो: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला भरती ३ च्या सुमारास, म्हणजे ओहोटी साधारण ९ वाजता. हा अंदाज झाला; नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा.

मुंबईत कार्टर रोड किंवा हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. इथेच नवखे फसतात. पाणी समोरून येताना दिसतं, पण तोवर पाठीमागच्या घळी भरलेल्या असतात. भरतीचा जोर तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जास्त असतो.

पायात मागे पट्टा असलेले, खाचांच्या रबरी तळव्याचे सँडल हवेत. साधी चप्पल हिरव्या शेवाळावर सटकते आणि पडताना हात टेकला की खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा तळवा कापतात.

डबक्याजवळ दोन मिनिटं हलू नका, सावली पाण्यावर पडू देऊ नका. शंखातले खेकडे आपोआप चालू लागतात. दगड उलटलात तर जसा होता तसाच ठेवा, खालचे जीव उन्हाने मरतात. प्रवाळाला हात नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका.