तोआङमधला शेवटचा क्यू आणि सूर नेमका लिहायचा कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: तोआङ नावाची एक बनवलेली भाषा आहे, तिचं रोमन स्पेलिंग टी-ओ-ए-क्यू असं करतात, तर हा शेवटचा क्यू आग्नेय आशियातल्या ह्मोंग भाषेतल्यासारखा सूर (म्हणजे शब्द बोलताना आवाज चढतो-उतरतो तो) दाखवायला आहे का, आणि नसेल तर सूर दाखवायला स्वरांच्या डोक्यावर खुणा कशाला, साधी कीबोर्डवरची अक्षरं का नाही वापरली? शिवाय विचारणाऱ्याला स्वतःलाही चार सुरांची एक भाषा बनवायचीय आणि त्यासाठी कुठली पद्धत बरी ते हवंय.

क्यूचं उत्तर सोपं आहे. त्याचा सुराशी काही संबंध नाही, तो ङ आहे. इंग्रजी ङ साठी एन-जी अशी दोन अक्षरं खर्च करते, तोआङमध्ये क्यू रिकामाच पडला होता म्हणून त्याला या कामावर लावलं, बस. बनवलेल्या भाषांमध्ये क्यू, एक्स, सी या अक्षरांना असं काहीही काम मिळतं, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने वाचायला गेलं की हमखास घोळ होतो.

पण गैरसमज का झाला ते कळतं, कारण ह्मोंगमध्ये खरंच तसं आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये मिशनऱ्यांनी ह्मोंगसाठी जी रोमन लिपी बसवली तिच्यात शब्दाच्या शेवटचं व्यंजन उच्चारायचंच नसतं, ते फक्त सूर सांगतं. पी-ओ-बी म्हणजे चेंडू, पी-ओ-एस म्हणजे काटा, पी-ओ-एम म्हणजे पाहणं, पी-ओ-जी म्हणजे वडिलांची आई, आणि या सगळ्यांचा उच्चार पॉ, फक्त सूर वेगवेगळा. भाषेचं स्वतःचं नाव ते एच-एम-ओ-ओ-बी असं लिहितात, त्यात दोन ओ म्हणजे नाकातला स्वर आणि बी म्हणजे उंच सूर. हे जमलं कारण ह्मोंगमध्ये शब्दाच्या शेवटी ङ सोडला तर व्यंजन येतच नाही, आणि तो ङ सुद्धा त्यांनी स्वर डबल करून भागवला, म्हणजे शेवटची जागा पूर्ण मोकळी झाली. दक्षिण चीनमधल्या च्वांग भाषेनेही थोडाफार हाच रस्ता धरला, 1957 मध्ये तिच्या सुरांसाठी 2 ते 6 या आकड्यांसारखी दिसणारी खास अक्षरं केली होती, ती छपाईला आणि टाइपिंगला त्रासाची, म्हणून 1982 मध्ये त्यांच्या जागी झेड, जे, एक्स, क्यू, एच आणली.

आता मुद्द्याचं. कीबोर्ड वगैरे नंतर बघू, आधी आपल्या भाषेत सूर नक्की काय काम करतो ते बघावं असं माझं मत आहे. ह्मोंग, च्वांग, चिनी यांच्यात सूर हा शब्दाचा अवयव आहे, तो बदलला की शब्दच दुसरा, क बदलून ग केला तर जसं होतं तसं. मग तो अक्षरात गेला तर बिघडत नाही, उलट बरंच, कोणी गाळू शकत नाही. तोआङमध्ये प्रकरणच वेगळं आहे. तिथे सूर व्याकरण सांगतो. कातो म्हणजे मांजर, खूण नसेल तर हा शब्द क्रियापदासारखा चालतो, ‘मांजर असणे’. पहिल्या स्वरावर चढती रेघ दिली की सूर चढा होतो आणि तेच ‘ते मांजर’ होतं, वाक्यात नामाच्या जागी बसायला मोकळं. क्रियापदावर दोन टिंबं दिली की तिथून पोटवाक्य सुरू. म्हणजे शब्द तोच, भूमिका बदलते. अशा ठिकाणी शब्दाचं स्पेलिंग तसंच ठेवून भूमिका वर लिहिलेली बरी, डिक्शनरीत शोधताना खूण काढली की मूळ शब्द हातात. या खुणांना जागा मिळावी म्हणून आय वरचा नेहमीचा ठिपकासुद्धा त्यांनी काढून टाकलाय, जे मला फार आवडलं.

कोणी म्हणेल व्याकरण अक्षरांनी दाखवायला काय हरकत आहे, आपण मांजराला, मांजराने, मांजरात करतोच की. हरकत काहीच नाही, पण आपण ते प्रत्यय बोलतो, तोआङमध्ये ह्मोंगसारखं शेवटी अक्षर लावलं तर ते न बोलता नुसतं लिहायचं आणि सूर मात्र पहिल्या स्वरावर, म्हणजे शब्द अख्खा वाचून झाल्यावर कळणार की सुरुवात कशी करायची होती.

सुराने पोटवाक्य दाखवणं हे फार परकं वाटत असेल तर वैदिक संस्कृत आठवा. तिथे मुख्य वाक्यातलं क्रियापद साधारणपणे अनुदात्त, म्हणजे उंच सुराशिवाय, असतं (वाक्याच्या किंवा चरणाच्या सुरुवातीला नसेल तर), आणि तेच क्रियापद यद् (‘जो, जे’) च्या पोटवाक्यात आलं की आपला उदात्त, म्हणजे उंच सूर, राखून ठेवतं. पाणिनीने त्यासाठी ‘तिङ्ङतिङः’ आणि ‘यद्वृत्तान्नित्यम्’ अशी सूत्रंच दिलीत. आणि ऋग्वेदाच्या नेहमीच्या पद्धतीत ते लिहितात कसं, तर अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरिताच्या (उदात्तानंतरच्या उतरत्या सुराच्या) डोक्यावर उभी रेघ, आणि उदात्ताला, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्याला, काहीच नाही! अक्षरांना हात न लावता सूर वरखाली लिहायची आयडिया आपल्याकडे जुनीच आहे. उलट बाजूचं उदाहरण पंजाबीत आहे, गुरमुखीत घोड़ा घ ने लिहितात पण बोलताना तो क होतो आणि खालचा सूर लागतो, म्हणजे तिथे घ हे अक्षरच सुराची खूण होऊन बसलंय, कोणी ठरवून न करता.

ठरवून केलेला सगळ्यात डोकेबाज प्रयोग म्हणजे 1928 मध्ये चीनमध्ये अधिकृत झालेली ग्वोयू रोमात्झी, म्हणजे चिनी रोमन अक्षरांत लिहायची एक पद्धत, ज्यात भाषाशास्त्रज्ञ चाओ युएनरेन यांचा मोठा वाटा होता. एकाच ग्वोची चार रूपं: जी-यू-ओ, जी-डब्ल्यू-ओ, जी-यू-ओ-ओ, जी-यू-ओ-एच. खूण एकही नाही, सूर पूर्ण स्पेलिंगमध्ये. सुंदर आहे पण नियम इतके की शिकणाऱ्याच्या नाकीनऊ येतात, आणि शेवटी चीनने 1958 मध्ये डोक्यावर खुणा देणारी पिनयिन ही रोमन पद्धत स्वीकारली. पिनयिनच्या खुणा बघून सूर कळतो, रेघ चढली की सूर चढला, पण रोजच्या वापरात लोक त्या सरळ गाळतात आणि मग शेजारीशेजारी असलेले दोन प्रांत रोमनमध्ये एकसारखे दिसायला लागतात, म्हणून शान्शी नावाच्या एका प्रांताला आजही दोन ए देऊन लिहावं लागतं, आणि ते दोन ए त्या जुन्या पद्धतीतूनच उसने घेतलेत.

तर तुमच्या भाषेबद्दल: सूर शब्दाचाच असेल आणि शब्दाच्या शेवटी व्यंजनं येत नसतील तर डोळे झाकून ह्मोंगची पद्धत घ्या. शेवटी व्यंजनं येत असतील तर ती अक्षरं सोडून उरलेली वापरायची, पण मग वाचणाऱ्याला कुठलं बोलायचं आणि कुठलं नाही हे लक्षात ठेवावं लागतं, ते मला स्वतःला कटकटीचं वाटतं. सूर व्याकरणाचा असेल तर खुणाच. चारपैकी जो सूर सगळ्यात जास्त वेळा येतो त्याला खूण देऊ नका, तेवढीच पानावर गर्दी कमी. आणि शेजारच्या सुरामुळे सूर बदलत असेल (चिनीत सुरांना नंबर आहेत, दोन तिसरे सूर लागोपाठ आले की त्यातला आधीचा दुसऱ्या नंबरच्या सुरासारखा बोलतात, पिनयिनमध्ये तरी लिहितात तिसराच) तर मूळ सूर लिहा, बोलताना होतो तो नाही.

टाइपिंगची भीती मात्र सोडा. व्हिएतनामी लोक एका स्वरावर दोन दोन खुणा चढवतात आणि तरी साध्या कीबोर्डवर भराभर लिहितात, सुरासाठी एस, एफ, आर, एक्स, जे यापैकी एक दाबायचं, खूण आपोआप जागेवर जाऊन बसते. म्हणजे बोटांना अक्षरं आणि डोळ्यांना खुणा, दोन्ही एकदम चालतं, तुमच्या भाषेसाठी असा छोटा कीबोर्ड लेआउट करणं फार अवघड नाही.