‘अनुमान’, ‘अंदाज’ आणि उदयनाचार्यांचा ईश्वर

प्रश्न असा आला आहे : “‘उदयनाचार्यांनी ईश्वराचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध केले’ असे वाक्य मी एका लेखात लिहिले. लेख तपासणाऱ्यांनी त्यावर शेरा मारला की, अनुमान म्हणजे अंदाज आणि अंदाजाने काही सिद्ध होत नसते. हा शब्द चुकला आहे का? आणि अशा अनुमानाच्या आधारावर ईश्वरावर विश्वास ठेवणे समर्थनीय ठरते का?”

शब्द चुकलेला नाही. चुकीचा आहे तो शेरा, आणि ही चूक आता इतकी बोकाळली आहे की तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. निवडणुकीच्या निकालाचे ‘अनुमान’ आणि पावसाचे ‘पूर्वानुमान’ आपण रोज ऐकतो. ‘हवामानाचा अंदाज’ हा सरळ, रुळलेला मराठी शब्दप्रयोग हाताशी असताना हिंदीतला ‘पूर्वानुमान’ उचलून आणण्याची गरज मला कधीच समजलेली नाही. पण त्याहून मोठे नुकसान असे की, या सवयीमुळे उदयनाचार्य ज्या न्यायशास्त्राचे पंडित होते, त्या प्राचीन भारतीय तर्कविद्येतल्या एका काटेकोर संज्ञेचे वजन लोकांच्या मनातून उतरले आहे.

दोन्ही शब्दांची कुळे पाहिली की फरक लगेच ध्यानात येतो. ‘अंदाज’ हा फारसीतील ‘अंदाख्तन’, म्हणजे फेकणे, या क्रियापदाच्या कुळातला शब्द आहे. बाण फेकणारा तो तिरंदाज आणि तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. पुढे हाच गोलंदाज मराठीत क्रिकेटच्या मैदानावरही उतरला. ‘अनुमान’ मात्र ‘मा’, म्हणजे मोजणे, या धातूपासून आलेला आहे आणि माप, परिमाण, प्रमाण, उपमा हे त्याचे सख्खे भाऊबंद आहेत. न्यायसूत्रांवरील, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथावरील, भाष्यात वात्स्यायनाने ‘अनु’चा अर्थ ‘पश्चात्’ असा दिला आहे. आधी चिन्ह नीट मोजून घ्यायचे आणि मग त्या चिन्हाच्या आधारे न दिसणारी वस्तू मोजायची, असे हे ‘पश्चान्मान’ आहे. डोंगरावर धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी हे स्वयंपाकघरात पाहिलेले असते. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या नियमाला व्याप्ती म्हणतात, आणि ती पक्की नसेल तर नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, त्याला अनुमान म्हणून उभेही करत नाहीत, हेत्वाभास, म्हणजे फसवे कारण, म्हणून बाजूला सारतात.

मग हा शब्द घसरला कसा? येथे मला मराठीतला एक शब्द पुढे आणायचा आहे, तो म्हणजे ‘अनमान’. ‘मदत मागायला त्याने अनमान केले नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा अर्थ असतो कांकू, आढेवेढे. माझ्या एका विद्वान स्नेह्यांच्या मते या शब्दाची फोड नकारार्थी ‘अन’ अधिक ‘मान’ अशी आहे आणि ‘मान न देणे’ यातून ‘टाळाटाळ’ हा अर्थ निघाला. ही फोड मला मुळीच मान्य नाही. अनमान करणारा कोणाचा अवमान करत नसतो. तो मनातल्या मनात विचार करत थांबलेला असतो. माझ्या मते ‘अनमान’ हे ‘अनुमाना’चेच झिजलेले रूप आहे, आणि अर्थाचा प्रवास ‘चिन्हावरून विचार करणे’, ‘विचारात पडणे’, ‘घोटाळणे’ असा झाला आहे. याला पुरावा म्हणून मी ‘अनमानधपका’ हा शब्द पुढे करतो. ‘अनमानधपक्याने उत्तर दिले’ म्हणजे काही न मोजता, अंदाजाने ठोकून दिले. येथे अनमानाचा अर्थ कांकू नाही, अवमान तर नाहीच. येथे तो उघडउघड ‘अनुमान’ आहे, तेही उतरलेल्या अर्थाचे. एकाच झिजलेल्या रूपाला एकीकडे ‘अंदाज’ आणि दुसरीकडे ‘घोटाळणे’ असे दोन फाटे फुटले, हे मान्य केल्याखेरीज ही दोन्ही वापरांतली संगती लागत नाही. स्नेही अजूनही आपल्या फोडीला चिकटून आहेत. त्यांनी तिच्या आधारे ‘अनमानधपका’ उलगडून दाखवावा, मी माझे म्हणणे मागे घेईन.

ही घसरण आजची नाही, हे मात्र मला मान्य केले पाहिजे. दासबोधाच्या नवव्या दशकात ‘अनुमाननिरसन’ नावाचा समास आहे, आणि समर्थांच्या लेखनात अनुमान हा शब्द पुष्कळदा प्रचीतीच्या विरुद्ध, म्हणजे स्वतः न पडताळलेली, संशयाने पोखरलेली समजूत या अर्थाने येतो. तो त्या काळच्या मराठीचा अर्थ आहे. पण त्यावरून ‘संतांनी न्यायशास्त्रातले अनुमान टाकाऊ ठरवले’ असा निष्कर्ष काढणारे जे व्याख्याते आहेत, त्यांनी एका शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत कालवले आहेत. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाच्या हाती जे शस्त्र आहे, ते ‘तर्कु तोचि फरशु’ असे स्वतः ज्ञानदेव सांगतात. संतांना तर्काचे वावडे असते तर तो गणेशाच्या हाती दिला गेला नसता.

आता उदयनाचार्य. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत होऊन गेलेल्या या नैयायिकाने ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ पाच स्तबकांत, म्हणजे फुलांच्या पाच गुच्छांत, रचला आणि पाचव्या स्तबकात ईश्वरसाधक हेतूंची, म्हणजे ईश्वर सिद्ध करणाऱ्या कारणांची, मालिका दिली. तिच्यातला पहिला हेतू ‘कार्य’ : पृथ्वी, अंकुर इत्यादी गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्य, म्हणजे उत्पन्न झालेल्या वस्तू, आहेत, घटाप्रमाणे. याला अंदाज म्हणणे हा उदयनाचार्यांवर तर अन्याय आहेच, पण त्यांच्या प्रतिपक्षावरही आहे, कारण त्या पंडितांनी हा युक्तिवाद अंदाज म्हणून झटकून टाकला नाही. त्यांनी व्याप्तीवर बोट ठेवले. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती उदयनाचार्यांच्या काही शतके आधीच विचारून बसला होता की, मातीचा एक विकार, म्हणजे घट, कुंभाराने केला म्हणून वारूळही कुंभारानेच केले असे सिद्ध होईल काय? दुसऱ्यांचा आक्षेप असा की, घटाचा कर्ता देहधारी असतो आणि अंकुर कोणत्याही देहधारी कर्त्याने केलेला दिसत नाही, तेव्हा दृष्टांत येथे लागू पडत नाही. स्वतः परम आस्तिक असलेल्या रामानुजाचार्यांनीही श्रीभाष्यात ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रावरूनच, म्हणजे वेदवचनांवरूनच, कळतो, असे आग्रहाने मांडले. सांख्य या दुसऱ्या दर्शनाच्या सूत्रांत तर ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ‘ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून’, असे सूत्रच आहे. इतक्या मोठमोठ्या लोकांनी इतक्या तपशिलात ज्याची चिरफाड केली, त्याला आज एका शेऱ्याने अंदाजाच्या रांगेत बसवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विश्वासाच्या समर्थनाविषयी माझे मत विचाराल तर घटाच्या दृष्टांतावर सबंध विश्वाचा भार टाकता येत नाही, असे मला वाटते. वारुळाचा आक्षेप मला अजून सुटलेला दिसत नाही. शिवाय हे अनुमान पूर्ण मान्य केले तरी त्यातून हाती लागतो तो कर्ता. ज्याला वारकरी माउली म्हणून हाक मारतो तो त्यातून लागलीच हाती येत नाही. पण उदयनाचार्यांचा स्वतःचा दावा काय होता, हे वाचल्याखेरीज त्यांना तोलू नये. ग्रंथाच्या पहिल्याच स्तबकात ते म्हणतात की, ईश्वराविषयीची ही न्यायचर्चा म्हणजे श्रवणानंतर येणारे मनन आहे आणि ती ‘उपासनैव’, उपासनाच आहे. म्हणजे ज्याने आधी ऐकले आहे आणि ज्याची निष्ठा जडली आहे, तो हे अनुमान मांडतो ते आपल्या निष्ठेला बुद्धीची कसोटी लावण्यासाठी. नास्तिकाला हरवणे हा त्या ग्रंथाचा एक उद्योग आहे, एकमेव नाही, आणि पंडितांच्या आखाड्याबाहेर त्याचा उपयोग शोधणाऱ्याने ‘उपासनैव’ या शब्दापाशी थांबून विचार करावा, असे मला फार वाटते.

तुमच्या वाक्याबद्दल सांगायचे तर ‘अनुमानाने’ हा शब्द तसाच ठेवा. त्याच्या जागी ‘तर्काने’ घालू नका, कारण न्यायशास्त्रात तर्क प्रमाणाला, म्हणजे खऱ्या ज्ञानाच्या साधनाला, साह्य करतो, तो स्वतंत्र प्रमाण नव्हे. बदलायचेच असेल तर ‘सिद्ध केले’ हे बदला आणि तेथे ‘सिद्ध करू पाहिले’ असे लिहा. धर्मकीर्तीचे वारूळ अजून जागच्या जागी उभे आहे.