कॅथलिक लोक मरियेला 'कुमारी माता' म्हणतात, म्हणजे नेमकं काय मानतात?

वसईत रमेदी मातेसमोर, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मरियेसमोर, मेणबत्ती लावून आलेले आमचे हिंदू शेजारीही हा प्रश्न विचारतात, जरा चाचरतच. चाचरायचं कारण नाही.

श्रद्धा अशी: येशूला मानवी पिता नाही, मरियेच्या पोटी तो पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने आला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात गॅब्रिएल देवदूत निरोप आणतो, तेव्हा ती सरळ विचारते, हे कसं होईल? मला पुरुष ठाऊक नाही. उत्तर ऐकून मग होकार देते. माझ्या मते सगळं मर्म त्या होकारात आहे. तिच्यावर काही लादलेलं नाही. आणि हे मूल कुणा घराण्याच्या कर्तबगारीचं फळ नसून निव्वळ देवाचं दान आहे, हे कौमार्यातून सांगायचं आहे. शरीरसंबंध अपवित्र, असा अर्थ काढू नका. चर्च लग्नाला संस्कार मानतं.

प्रसूतीपूर्वी, प्रसूतीत आणि नंतरही ती कुमारीच राहिली, असं कॅथलिक मानतात. बायबलमधले 'येशूचे भाऊ' म्हणजे जवळचे नातलग, असा त्यांचा खुलासा. बहुतेक प्रॉटेस्टंटांना तो पटत नाही.

एक घोळ मात्र आमच्याकडचे मुरलेले ख्रिस्ती लोकही घालतात. ८ डिसेंबरचा 'निष्कलंक गर्भसंभव' हा सण येशूच्या गर्भधारणेचा नाही. मरिया स्वतः आईच्या पोटात आली, त्या क्षणापासून मूळ पापापासून (म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो असं मानलेल्या पापापासून) मुक्त होती, असा तो सिद्धांत. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये जाहीर केलेला. देवदूताच्या निरोपाचा सण २५ मार्चला, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी.