पहिल्यांदा जागलीला जाताना

बाबू, यंदा हरभऱ्याच्या जागलीला तू जाणार म्हणतोस, तर ऐकून जा. दिवसा पाखरं-ढोरं हाकलायची ती राखण; जागल म्हणजे रात्रभर जागंच राहायचं.

उजेड असतानाच धुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधानं, एक फेरी मार. माती उकरलेली, ओलसर दिसली की डुकरं तिथूनच शिरतात. मचाण वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांध. रानडुकराला दिसतं कमी, पण नाक भारी तिखट. शिकारी आपला वास लपवतो, आपल्याला तो पोचवायचा आहे. डबा एकाच ठेक्यात वाजवू नकोस, त्यांना सवय होते. मधेच आरोळी दे, जागा बदल, टॉर्च फिरव. रोही, म्हणजे नीलगाय, मात्र कुंपणावरून उडी मारून येतो, त्याच्यासाठी कान उघडे ठेव.

पिल्लं असलेल्या डुकरिणीमागे वावरात उतरायचं नाही, ती उलटते. आणि कुंपणात करंट? कोणी कितीही सांगो, सोडायचा नाही. शेजारचा माणूस मरतो रे त्यात, आणि गुन्हाही आहे.

नुकसान झालंच तर फोटो काढ आणि 3 दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज दे. पंचनाम्याआधी वावर साफ करू नकोस.