दोघांनीही तुला तारीख दिली आहे

माई,
मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका आडवळणाच्या गावात राहते. वय 19, बी.ए.चं दुसरं वर्ष. आई आणि तात्या दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे. मी, भाऊ आणि आजी घरी असायचो. या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात भरलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली उलटली. तात्या बाजूला उभे राहून दोर आवळत होते. जागेवर गेले. मजूर नेणारा मुकादम म्हणतो, आगाऊ दिलेल्या उचलीतले सत्तर हजार बाकी आहेत, दसऱ्याला या घरातून एक कोयता, म्हणजे तोडीची जोडी, निघाली पाहिजे. भाऊ दहावीला आहे, पण रोज संध्याकाळी तात्यांच्या कोयत्याला कानस लावत बसतो. काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलंय. मुलगा तोडीलाच जातो आणि आमची बाकी अंगावर घ्यायला तयार आहे. वर्षाच्या आत कन्यादान झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून दसऱ्याच्या आत उरकायचं म्हणतात. माझं दोन वर्षांपासून एका मुलावर प्रेम आहे. तो 20 वर्षांचा आहे, आयटीआय करून चाकणला कंपनीत लागलाय. तो म्हणतो, दसऱ्याच्या आधी निघून ये, आळंदीला लग्न करू. कधी कधी वाटतं, काका म्हणतात तिथेच करावं, तेवढंच तात्यांसाठी. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. आदल्या रात्री तात्यांनी मला दोनदा फोन केला होता. मी त्याच्याशी बोलत होते. वेटिंगवर तात्यांचं नाव दिसलं, मग लावते म्हटलं, आणि झोपले. सकाळी आईचा फोन आला.
— तात्यांची पोर

पोरी,

तुझं पत्र पंचमीचं आहे. त्या दिवशी तुमच्याकडे झाडाला झोके बांधलेले असतात, सासरच्या पोरी माहेरी आलेल्या असतात. तू घरात बसून वहीची चार पानं भरलीस आणि शेवटी लिहिलंस, "अक्षर खराब आलंय, माफ करा". अक्षर चांगलं आहे. जिथे फोनचं लिहिलंयस तिथे मात्र पेन कागदातून आरपार गेलंय.

त्या फोनवर मी येणार आहे. पण आधी रुक्ष वाटेल असं काही सांगते. ते थांबण्यातलं नाही, म्हणून हा भाग तुला मेसेज करून आधीच कळवला होता.

वाहनाच्या अपघातात माणूस गेला तर भरपाईचा दावा सहा महिन्यांत लावायचा असतो. मोटार वाहन कायद्यातली ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. तुमचे सहा महिने ऑगस्टअखेर भरतात. तात्या मजूर होते, ट्रॉली त्यांच्या अंगावर आली, ट्रॅक्टरला विमा असायला हवा. मुकादमाने अंत्यविधीला वीस हजार दिले आणि आईचा अंगठा घेतला, असं तू ओझरतं लिहिलंयस. त्याने विषय मिटत नाही. दावा लावायला अपघात झाला त्या जिल्ह्यात जावं लागत नाही, तुम्ही राहता तिथे, म्हणजे बीड जिल्ह्यातही तो लावता येतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, ट्रॅक्टरचा नंबर, जे हाताशी असेल ते घेऊन तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 15100 वर फोन केलास तरी वाट दाखवतात. आणि हे वाचताना मुदत उलटून गेली असली, तरी जा. "आता काय उपयोग" हे वकिलाला म्हणू दे, काकांना नको.

सातबारा तात्यांच्या नावावर असेल तर शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख असतात. त्यासाठी कृषी कार्यालयात कुणी अर्ज दिला होता का, हेही विचार. आईची निराधार पेन्शन तहसीलला. एवढं पुरे.

आता बाकी. तू लिहिलंयस, जोडीची उचल 1 लाख 20 हजार होती आणि दिवाळीपासून तात्या जाईपर्यंत साधारण 105 दिवस काम झालं. 2024 च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला 366 रुपयांच्या आसपास आहे. एक जोडी रोज दोन टन तोडते असं धर. माझ्या हिशेबाने जवळजवळ 77 हजार फिटले, उरले 43. मग सत्तर कुठून आले? मधल्या खर्चीचे, म्हणजे घरखर्चाला उचललेले असतील, कामावर न गेलेल्या दिवसांच्या खाड्याचे लावले असतील. असतीलही. पण वही बघितल्याशिवाय आकडा मान्य करायचा नाही. तात्यांच्या नावावरची बाकी वारसांना त्यांच्याकडून जे मिळालं तेवढ्यापुरतीच बांधते. आईने स्वतःच्या नावाने काही लिहून दिलं असेल तर तिचा भाग वेगळा, आणि तो अंगठा कशावर घेतलाय हे वकिलाने बघायला हवं. कुणाच्याही बाकीपायी पोरांना फडात उतरवता येत नाही. उचल देऊन माणूस बांधून घेणं ही वेठबिगारी, आणि ती 1976 च्या कायद्याने बंद आहे. मुकादमाला हे ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक नाही, एवढ्यावरच त्याचं चालतं.

तुझ्या भावाच्या हातातला तो कोयता काढून घे. भांडून नको. तुमच्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झाली आहेत, समाजकल्याण कार्यालयात चौकशी कर. मी धारूरकडे चार वर्षं शाळेत शिकवलं आहे. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गात निम्मी बाकं रिकामी असायची. मी हजेरी घेताना त्यांचीही नावं घ्यायचे, आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "बाई, तो कारखान्याला गेला." परत यायचा तो पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एक वर्ष मागे पडलेला. काही परत आलेच नाहीत. दहावीतला पोरगा कोयत्याला धार लावतो तेव्हा त्याने मनातल्या मनात दप्तर आवरलेलं असतं. त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने सांगावं लागतं, "हे तुझं काम नाही." तुमच्या घरात सध्या मोठं माणूस म्हणजे तू.

काकांचं स्थळ. मी त्या मुलाला नावं ठेवणार नाही. तो 26 वर्षांचा, एकटा. जोडी नसली की मुकादम अर्धाच कोयता धरतो आणि उचलही अर्धीच देतो. त्याला बायको हवी आहे, हे खरंच. पण पत्र नीट वाच तुझं. त्यात तो मुलगा तुझ्याशी काय बोलला, याबद्दल एक ओळ नाही. सगळ्या ओळी बाकीबद्दल आहेत. तू तिथे गेलीस तर मुकादमाचा कोयता पुरा होतो आणि काकांच्या मागचं झेंगट सुटतं. तुझी बी.ए. मात्र फडात जाते. आणि हे सत्तर हजार फिटणार कशाने? तुझ्याच हातांनी. रोज दोन टन धरले तर जोडीचे 96 दिवस, तेही खर्ची न उचलता. याला लग्न म्हणताना माझी जीभ अडखळते.

वर्षाच्या आत की तीन वर्षांनी, हा मुद्दा काका मनापासून मानत असतील. आपल्याकडे ही रीत आहे. पण वर्षाच्या आत मंगलकार्य नको, ही रीतही आपल्याकडेच आहे, आणि कोणती केव्हा काढायची हे ज्याची घाई असते तो ठरवतो. शिवाय दसऱ्याच्या आत म्हणजे चातुर्मासात. तुळशीचं लग्नही लागलेलं नसेल. त्यासाठी काका काढीव मुहूर्त चालवून घेणार, मग वर्षाच्या बाबतीतच शास्त्र एवढं कडक का? हे त्यांच्या तोंडावर बोलू नकोस. आजीला बोलू दे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून रीत आली की तिला वजन येतं. तुझी आजी तुझ्या बाजूची आहे, हे तिने तुला पत्र टाकायला पैसे दिले त्यावरून मला कळलं.

आता तुझा तो. त्याची जात तू लिहिलेली नाहीस. मी विचारत नाही, पण घरचे विचारतीलच, तेव्हा उत्तर तयार ठेव.

मला त्याचा राग येत नाही. वीस वर्षांचं पोरगं, ठेकेदाराकडची नोकरी, खोलीत सहाजण, आणि गावाहून बातमी येते की तिचं लग्न ठरतंय. घाबरलाय तो. पण घाबरून त्याने जे केलं ते काकांनी केलं तेच. दोघांनीही तुला दसऱ्याची तारीख दिली आहे. तात्यांना जाऊन सहा महिने झालेत, आणि तुझ्या आजूबाजूच्या दोन पुरुषांना तुझं उत्तर दोन महिन्यांत हवंय.

शिवाय आळंदीचं गणित चुकलेलं आहे. तुझे 18 पूर्ण आहेत, पण त्याचे 21 एप्रिलमध्ये होतात. त्याआधी लावलेलं लग्न 2006 च्या कायद्याने बालविवाहच ठरतो, मुलगा लहान असला तरीही. आळंदीलाही वयाचा पुरावा मागतात. उद्या काकांनी तक्रार केली तर पोराच्या मागे चौकशी लागेल, नोकरीवर बेतेल, आणि आईला गावात दोन दुःखं एकदम झेलावी लागतील. त्याला सांग, "एप्रिलपर्यंत मी कुठेच जात नाही. काकांकडे नाही, तुझ्याकडेही नाही. तात्यांचं वर्षश्राद्ध या घरातून करणार आहे." मग बघ काय म्हणतो. रुसेल एक-दोन दिवस, ते चालेल. पण "माझ्यावर प्रेमच नाही तुझं" असं महिनाभर ऐकवत राहिला, तर लग्नानंतरही हेच ऐकशील. आणि थांबला, तर त्याला एक काम दे. त्या ट्रॅक्टरचा नंबर घालून विमा कोणत्या कंपनीचा आहे, हे मोबाइलवर शोधता येतं. ते शोधून वकिलाला लागेल तसं पाठवू दे. तुझ्या तात्यांसाठी त्याने एवढं केलेलं तुला पुढे आठवत राहील.

काकांनी जबरदस्ती केलीच, फोन काढून घेतला, कोंडलं, तर 112 किंवा 181. वेळ येईल असं वाटत नाही, पण नंबर आजीच्या फोनमध्येही घालून ठेव.

आता तो फोन.

तू त्या मुलाचा नंबर ब्लॉक करतेस, चार दिवसांनी काढतेस, पुन्हा करतेस, असं लिहिलंयस. "कधी कधी वाटतं काका म्हणतात तिथेच करावं, तेवढंच तात्यांसाठी", हे वाक्यही तुझंच. मला ती दोन्ही एकाच जागेतून आलेली दिसतात. त्या रात्री तात्यांच्या वाट्याची पाच मिनिटं तू ज्याला दिलीस, त्याला सोडून ती फेडायची, असं तू मनाशी धरलंयस. मुकादमासारखाच हिशेब मांडलायस, फक्त वही दुसऱ्या कुणी बघू नये म्हणून मिटून ठेवलीस.

मग ती वही उघडूच. तात्यांनी दोनदा लावला. तिसऱ्यांदा नाही. तातडीचं असतं तर बापाने तिसऱ्यांदा लावला असता, आजीच्या फोनवर लावला असता, शेजारी लावला असता. त्यांनी लावला नाही आणि कोपीत, आपल्या झोपडीत, जाऊन झोपले, कारण पहाटे गाडी भरायची होती. फोन उचलला असतास तर ते काय बोलले असते? जेवलीस का. परीक्षा कधी आहे. आजीचा गुडघा कसा आहे. तू "हो", "पंधरा दिवसांनी", "तसाच आहे" म्हणाली असतीस. आणि पहाटे ते उठून त्याच दोराशी गेले असते.

पण हे माझे अंदाज आहेत आणि तुला अंदाजांनी झोप लागायची नाही. एक माणूस आहे ज्याला ठाऊक आहे. तू सहा महिने त्या माणसाच्या शेजारी झोपतेस आणि विचारत नाहीस. तात्या कोपीच्या दारात बसून फोन लावत होते तेव्हा तुझी आई तिथेच चुलीपाशी भाकरी थापत असणार. ते कशासाठी लावत होते, बिझी लागल्यावर काय म्हणाले, चिडले की हसले, हे सगळं तिने ऐकलंय.

आई बोलत नाही, नुसती बसून असते, म्हणतेस. मला वाटतं, तिच्याकडेही असलंच काहीतरी आहे. त्या पहाटे ती दोराच्या दुसऱ्या टोकाला होती की नाही, तू लिहिलेलं नाहीस. बहुधा विचारलंच नसशील. तुम्ही दोघी एकमेकींपासून एकेक गोष्ट लपवून, एका गोधडीत झोपता आहात.

काका यायच्या आधी, वकिलाकडे जायच्याही आधी, एखाद्या रात्री भाऊ झोपला की तिला सांग. "आई, तात्यांचा फोन आला तेव्हा मी बोलत होते, घेतला नाही." कोणाशी बोलत होते, तेही सांग. त्या मुलाचं नाव घरात पहिल्यांदा निघायचंच असेल, तर ते काकांसमोर भांडणात निघण्यापेक्षा तिच्याजवळ निघू दे. रागावेल कदाचित. रडेल. मग विचार, तात्या काय म्हणाले होते.

कदाचित तीच म्हणाली असेल, "पोरगी अभ्यासाला बसली असंल, राहू द्या, उद्या लावा."

— माई