एकदा केस झाली म्हणजे पोरगा परत गुन्हा करणारच का?

केस झालेल्या पोराची आई पहिल्यांदा हेच विचारते. वडगावच्या एक बाई आलेल्या (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), पोरगा सतरा वर्षांचा, दोस्तांबरोबर बाईक चोरली, ज्युवेनाईल बोर्डापुढं (अठराच्या आतल्या पोरांच्या केसेस बघणारं) केस. काका पूर्वी हिंडलग्याच्या जेलात जाऊन आलेला, म्हणून गल्लीतले तोंडावर म्हणायचे, रक्तातच हाय की ते, आणि बाईंनाही ते पटायला लागलेलं.

मी विचारलं, रात्री दहानंतर पोरगा कुठं असतो हे घरात कुणाला माहीत असतं? कुणालाच नाही. बाप विणकामाच्या मागावर रात्रपाळीला, चिडला की पट्ट्यानं मारणार आणि दुसऱ्या दिवशी वाईट वाटून हातात पाचशेची नोट ठेवणार, त्यावरनं नवराबायकोत परत भांडण.

पोरं गुन्ह्याकडं का वळतात हे बघायला लंडनमधल्या 411 पोरांचा 1961 पासून कितीतरी वर्षं अभ्यास झालाय, केंब्रिज स्टडी म्हणतात त्याला. घरात कुणाला शिक्षा झालेली असणं हा धोका त्यात आहेच, खोटं कशाला सांगू, पण पोरावर लक्ष नसणं, कधी मार कधी लाड, आईबापाची भांडणं हेही त्यात आहे, आणि काकाचा जेल पुसता येत नसला तरी हे बदलता येतं. शिवाय असे अंदाज शेकडो पोरांचे मिळून असतात, एका पोराच्या कपाळावर ते लिहिलेले नसतात.

बापाला आणायला वेळ लागला. मारलं न्हाई तर सुधारणार कसा मॅडम, म्हणाले. शेवटी एकच नियम ठरला, नऊला घरी, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोबाईल नाही, मार नाही आणि नोटही नाही, बापानं पाळी बदलून घेतली आणि रात्रीचं जेवण दोघं एकत्र. पोरगा मधे उशिरा आलाच, पण बापानं हात उचलला नाही, मला यातच खरी आशा दिसली. आता आयटीआयला फिटर करतोय. नोकरी मिळणार नाही ही त्याची भीती होती, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं की अशा केसमुळं पुढं अपात्र धरायचं नाही (सोळावरच्याचा भयंकर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालला तर वेगळं).

आणि प्रोबेशन ऑफिसर घरी चौकशीला आले की अब्रूपायी भांडणं, दारू लपवू नका हो, बोर्ड त्यांचा रिपोर्ट बघूनच आदेश देतं, घरचं खरं कळलं तर पोराबरोबर तुम्हालाही समुपदेशनाला बसवता येतं.