न्यू जर्सी, बॉस्टन की बफेलो: सगळ्यात लक्षात राहिलेला बर्फाचा हिवाळा कोणता?

प्रश्न असा आहे की पुढच्या हिवाळ्यात कुटुंबासह न्यू जर्सीला राहायला येतोय, तर अमेरिकेच्या ईशान्य भागात आजवरचा सगळ्यात लक्षात राहिलेला बर्फाचा हिवाळा कोणता, आणि न्यू जर्सी, बॉस्टन, बफेलो यांत हाल कुठे जास्त? आधीच्या मंडळींनी इंचांचे तक्ते दिलेत. ते तक्ते बघून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसले.

माझं उत्तर: ऑक्टोबर २०११. हो, ऑक्टोबर. कॅलेंडरप्रमाणे तो हिवाळा नव्हताच, आणि पुढचा हिवाळाही कोरडाच गेला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्या सबंध मोसमात ७.४ इंच बर्फ पडला, त्यातला २.९ इंच ऑक्टोबरातल्या एका शनिवारी. तक्त्यात शोधाल तर ते वर्ष पार तळाशी सापडेल. त्या वर्षी उत्तर जर्सीत किंवा कनेक्टिकटमध्ये ज्याचं घर होतं अशा कुणालाही विचारा, आणि मग मला तक्ते दाखवा.

तरी आधी इंचवाल्यांचं समाधान करते. बॉस्टनचा २०१४-१५ चा मोसम, ११०.६ इंच. तिथला विक्रम. त्याआधीचा १९९५-९६ चा होता, १०७.६. गंमत म्हणजे २०१५ चा जानेवारी निम्म्याहून अधिक सरेपर्यंत तिथे फारसं काही पडलंच नव्हतं; शेवटच्या आठवड्यापासून महिनाभरात नव्वद इंचांच्या वर पडला. लोकलगाड्या बंद पडल्या, आणि शहरभरचा बर्फ नेऊन टाकला होता त्या ढिगाचा शेवटचा तुकडा वितळायला १४ जुलै उजाडला. माझा थोरला भाऊ बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. घरात कुठलंही कार्य असो, बर्फाचा विषय निघाला की दादा हा आकडा दशांशासकट सांगतो. आकडा बरोबर आहे. त्यावरून सगळ्यात जास्त हाल बॉस्टनचे, असा तो जो निष्कर्ष काढतो तो साफ चूक आहे, त्याकडे येतेच.

न्यू जर्सीत जुनी माणसं जानेवारी १९९६ सांगतील. नेवार्कला एका वादळात २७.८ इंच, फिलाडेल्फियाला ३०.७. त्याहून वाईट पुढचं होतं: दहा-बारा दिवसांत हवा एकदम गरम झाली, वर धो धो पाऊस, आणि तो सगळा बर्फ पेनसिल्व्हेनियात पूर होऊन वाहिला. त्याउलट जानेवारी २०१६. सेंट्रल पार्कात २७.५ इंच, तिथल्या एका वादळाचा विक्रम. आठवतंय का कुणाला? शनिवार होता, सगळे घरी होते, लाइट होते, रविवारी लख्ख ऊन पडलं आणि पोरं घसरगुंड्या खेळली. विक्रम झाला, आठवण झाली नाही.

बफेलोवाल्यांचं तर वेगळंच. तिथे सरोवराचा बर्फ. ईरी सरोवराच्या उबदार पाण्यावरून गार वारा आला की तो पाणी उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फाचा पट्टा ओततो. पट्टा इतका अरुंद की गावाच्या एका टोकाला पाच फूट आणि दुसऱ्या टोकाला कोरडा रस्ता. पण १९७७ चं त्यांचं प्रसिद्ध वादळ घ्या. नवा बर्फ जेमतेम बारा इंच होता! सरोवर आधीच गोठलेलं, त्यावर साठलेला बर्फ वाऱ्याने उचलून शहरात आणून टाकला. आणि २०२२. नोव्हेंबरात बफेलोशेजारच्या ऑर्चर्ड पार्कला ८० इंच पडला, माणसं दगावली ती बोटांवर मोजण्याइतकी. डिसेंबरात नाताळच्या सुमारास बफेलोच्या विमानतळावर ५२ इंच, म्हणजे कमीच, पण वारा असा की सदतीस तास समोरचं दिसेना, आणि त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत अडकून, काही गार पडलेल्या घरात. आता सांगा, इंच मोजून काय कळलं?

वारा, ओलावा आणि वेळ, या तीन गोष्टी बघायच्या. ओलाव्याचा हिशोब सोपा आहे. साधारण दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी होतं. कडाक्याच्या थंडीत पडणारा भुरभुरीत बर्फ वीस इंचांना एक इंच पाणी देतो, तर शून्याच्या आसपास पडणारा ओला बर्फ पाच-सहा इंचांतच देतो. आणि एक इंच पाणी म्हणजे दर चौरस फुटाला पाच पौंडांवर वजन. दादाचा फेब्रुवारी २०१५ हाडं गोठवणारा होता, म्हणून बर्फ बराचसा हलका. आमचा ऑक्टोबर २०११ चा बर्फ म्हणजे निव्वळ पाणी. समुद्र अजून उन्हाळ्याचा गरम, वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकणारं, आणि झाडांवर पानं तशीच.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन बुधवारी २६ ऑक्टोबरला होतं आणि भाऊबीज शुक्रवारी. दादा-वहिनी मुलांना घेऊन शुक्रवारी रात्री आमच्याकडे आले. शनिवारी संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं फराळाला यायची होती. टीव्हीवर बर्फ सांगत होते. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी ठेवू. दादा सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "ऑक्टोबरात बर्फ टिकत नाही गं. जमीन गरम असते. आम्ही बॉस्टनची माणसं, आम्हाला काय सांगतेस!" आमच्या ह्यांनीही मान डोलावली, पाहुण्यासमोर बायकोची बाजू कोण घेतो.

जमीन गरम असते हे खरंच आहे, पण झाडं हवेत असतात. सकाळचा पाऊस अकराच्या सुमाराला पांढरा झाला. मागच्या अंगणात मॅपल अर्धा लाल, ओक तर अजून हिरवा. पानावर बर्फ साचला की पान उलटं व्हायचं, पण बर्फ सांडत नव्हता, ओला असल्यामुळे चिकटून बसायचा, आणि त्यावर पुढचा थर. फांद्या हळूहळू खाली येत गेल्या, डेकच्या कठड्याला टेकल्या. मग आवाज सुरू झाले. आधी बारीक करकर, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग धप्प. कधी आमच्या आवारात, कधी रस्त्यापलीकडे, एकामागून एक. मध्येच आभाळात निळा-हिरवा उजेड चमकायचा, तो ट्रान्सफॉर्मर गेल्याचा. नकाशावर बघाल तर त्या दिवशी जर्सीच्या वरच्या डोंगराळ भागात वेस्ट मिलफर्डला १९ इंच पडला. आमच्याकडे त्याहून कमी होता आणि तेवढाही पुरला.

मी चकलीचा शेवटचा घाणा तळत होते. शेगडी विजेची. लाइट गेले तेव्हा चकल्या कढईत होत्या. कॉइलचा लाल रंग काळा पडत गेला, तेलातले बुडबुडे विरळ होत गेले, आणि चकल्या तशाच तेल पीत पडून राहिल्या. दादाने त्यातली एक उचलून खाल्ली आणि म्हणाला, "तासाभरात येतील लाइट." पाहुण्यांचे फोन येऊ लागले, रस्त्यात झाडं आहेत, येत नाही. त्याच रस्त्यावरचं एक गुजराती कुटुंब मात्र बूट घालून चालत आलं आणि मेणबत्तीत चिवडा खाऊन गेलं.

रात्री शेजारच्या ओकची भलीमोठी फांदी आमच्या ड्राइव्हवेवर आडवी झाली, आणि जाता जाता विजेची तार ओढून घेऊन गेली. दादाची गाडी फांदीच्या आत. तार फांदीत गुंतलेली, त्यात प्रवाह आहे की नाही कुणास ठाऊक, त्यामुळे करवत घेऊन जवळ जायचीही सोय नाही. वीज कंपनीला फोन केला की ध्वनिमुद्रित बाई सांगायची, आपला क्रमांक नोंदवला आहे. दर वेळी दुरुस्तीची तारीख पुढे. ईशान्येकडच्या राज्यांत मिळून तीस लाखांहून अधिक ठिकाणची वीज गेली होती, तेव्हा आमच्यासारख्या आडबाजूच्या गल्लीचा नंबर कधी लागणार!

नव्याने येणाऱ्यांना कळत नाही ते हे: आमची भट्टी गॅसची, पण गरम हवा घरात ढकलणारा पंखा विजेचा. म्हणजे गॅस असून घर गार. पाणी आमच्या बोअरचं, पंप विजेचा. म्हणजे पाणीही नाही. बाहेर बर्फ, आणि आत संडासात टाकायला पाणी नाही, म्हणून तोच बर्फ बादल्या भरभरून टबात आणून वितळत ठेवायचा. गार घरात तो वितळायलाही वेळ घेतो. चहा डेकवरच्या ग्रिलवर. वहिनी सगळ्यांची पांघरुणं एका खोलीत आणून पोरांना मध्ये झोपवायची. आमच्या गावाने हॅलोविन पुढे ढकलला, पोरं त्यावर रडली. बॉस्टनच्या पश्चिमेलाही वीज गेली होती, त्यामुळे दादाच्या फ्रीजमधलं वहिनीने करून ठेवलेलं सगळं गेलं ते वेगळंच. अर्धा आठवडा उलटून गेल्यावर तार काढायला माणसं आली आणि भाऊबीजेचा पाहुणा एकदाचा घरी गेला.

मी त्याच आठवड्यात म्हटलं, जनरेटर घ्यायचा. इथून वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही. हे म्हणाले, असं वादळ शंभर वर्षांत एकदा येतं. दादाने फोनवरून दुजोरा दिला आणि वर सल्ला दिला की त्यापेक्षा चांगला स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून वाट मोकळी करणारं यंत्र, घ्या, बर्फात तोच उपयोगी. मी माझ्या पैशाने उन्हाळ्यात जनरेटर घेतला, इलेक्ट्रिशियनकडून नीट जोडून घेतला. २९ ऑक्टोबर २०१२, बरोब्बर वर्षाने त्याच तारखेला, सँडी चक्रीवादळ जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं. आमची भट्टी चालली, पंप चालला, शेजाऱ्यांचे फोन आमच्याकडे चार्ज झाले. नोव्हेंबरच्या ७ तारखेला, लोकांच्या घरी अजून वीज नव्हती तेव्हा, वरून पुन्हा ओला बर्फ पडला. हे गुमान पेट्रोलच्या रांगेत उभे राहिले. त्या दिवसांत नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यावर पेट्रोल मिळत होतं.

दादा अजून म्हणतो, सँडी बर्फाचं नव्हतं, ते धरू नकोस. आणि मग ११०.६. अरे, त्या सबंध मोसमात तुझ्या घरचे लाइट एका संध्याकाळीही गेले नाहीत! तू गरम पाण्याने आंघोळ करून, कॉफी घेऊन, खिडकीतून फूटपट्टी लावून फोटो पाठवत होतास. त्याला हिवाळा म्हणतात, हाल म्हणत नाहीत.

तर तुम्हाला सल्ला. घर बघाल तेव्हा सरासरी किती इंच पडतो ते विचारू नका. पाणी गावाचं की बोअरचं, शेगडी गॅसची की विजेची, तार खांबावरून येते की जमिनीखालून, आणि घराच्या डोक्यावर मोठी झाडं किती, हे विचारा. खांबांवरून तारा आणि दाट ओक असतील तर स्नोब्लोअरच्या आधी जनरेटर. तो घराबाहेर, खिडक्यांपासून वीसेक फूट लांब. गॅरेजमध्ये कधीही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. त्या ऑक्टोबरात काही लोक थंडीने नव्हे तर धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गेले. त्याचा अलार्म घरात हवाच. बर्फ काढायला माणूस मिळतो, वीज काढून द्यायला मिळत नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मी उत्तर जर्सीच्या झाडीतलं सांगतेय. किनाऱ्यावरची गणितं वेगळी. मी ज्याला नुसती मौज म्हटलं त्या जानेवारी २०१६ च्या वादळात जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मेच्या बाजूला, भरतीचं पाणी गावात शिरलं होतं. बॉस्टनलाही २०१५ साली छतं कोसळली, छतावरचा बर्फ वितळून लोकांच्या दिवाणखान्यात पाणी गळलं, आणि तासावर पगार असणाऱ्यांचा गाड्या बंद म्हणून रोज बुडाला. दादाचं बुडालं नाही एवढंच. हल्ली काही हिवाळे नावापुरतेच येतात, २०२२-२३ मध्ये सेंट्रल पार्कात मोसमभरात २.३ इंच पडला. आणि बफेलोला नोकरी मिळाली तर जनरेटर, इंच वगैरे सगळं विसरा. गाडीत पांघरूण, पाणी आणि फावडं ठेवा, आणि वादळाचा इशारा असेल तर गाडी काढूच नका.

अपार्टमेंटमध्ये राहणार असाल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. गाडी कुठे लावायची आणि रस्त्यावरचा बर्फ लोटणारा प्लाऊ यायच्या आधी ती कुठे हलवायची, एवढं मॅनेजरला विचारून ठेवा.